प्वेर्तो नारिन्योत दोन रात्री : एका छोट्या सहलीच्या आखणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोष्ट ऑगस्ट २०२४ ची, कोलंबियातल्या ॲमेझॉनकाठच्या एका गावच्या सहलीची. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनाक्रम जसाच्या तसा आहे.

न्यू जर्सीत राहणारं एक मराठी कुटुंब: मुलगा, सून, दहा वर्षांची नात आणि पुण्याहून मे महिन्यात आलेले मुलाचे आईवडील. वडिलांना सगळे अण्णा म्हणतात, मीही. वय ६९, पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त, उमेदीची बरीच वर्षं उजनीच्या कालव्यांवर गेलेली. काकू ६४ वर्षांच्या, संधिवाताचा जुना त्रास. मुलगा माझा कॉलेजातला मित्र. मी पुण्यात बसून ओळखीपाळखीच्या लोकांना सहली आखून देतो, त्यामुळे फोन मला आला.

कल्पना मात्र सुनेची होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याकडे गुडघ्याच्या व्यायामाला येणाऱ्या एका कोलंबियन आजींनी तिला ॲमेझॉनमधल्या गुलाबी डॉल्फिनबद्दल बरंच काही सांगितलं होतं. हे डॉल्फिन रात्री माणसाचं रूप घेऊन, डोक्यावरचं छिद्र झाकायला टोपी घालून, गावातल्या नाचाला येतात, अशी तिकडे दंतकथा आहे. पहिल्या फोनवर सून दहा मिनिटं त्याबद्दलच बोलत होती. त्या आजी तिच्याशी कोणत्या भाषेत बोलत असतील, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता.

ठिकाण ठरलं प्वेर्तो नारिन्यो. कोलंबियाच्या वाट्याला ॲमेझॉनचा जेमतेम ११६ किलोमीटरचा काठ येतो, आणि त्या काठावर नगरपालिका दोनच: लेतिसिया आणि हे. लोरेतोयाकू नदी ॲमेझॉनला मिळते तिथे वसलेलं गाव. वस्ती मुख्यतः तिकुना, कोकामा आणि यागुआ लोकांची. गावात मोटारी नाहीत, स्कूटरसुद्धा नाही. रस्ते म्हणजे सिमेंटच्या पायवाटा. जवळच तारापोतोची तळी आहेत, ज्यांना २०१८ मध्ये रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. लेतिसियाला बाकीच्या कोलंबियातून रस्ताच नाही. बोगोताहून विमानाने दोन तास, आणि लेतिसियाहून पुढे प्वेर्तो नारिन्योला प्रवाहाच्या उलट दिशेने वेगवान बोटीने साधारण दोन तास.

हाताशी दिवस मोजके. २४ ऑगस्टला न्यूअर्कहून निघून ३१ ला परत. शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडणार होती, आणि ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी. काकूंची एकच अट होती, मखराला पुरेसे दिवस हातात राहिले पाहिजेत.

व्हिसाचं काम सोपं निघालं. भारतीय पासपोर्टवर कोलंबियाचा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर सवलत मिळते. मुलगा-सून ग्रीन कार्डवर, नात अमेरिकन नागरिक. अण्णा-काकूंच्या अमेरिकन व्हिसाची मुदत कोलंबियात शिरण्याच्या दिवसापासून किमान १८० दिवस उरलेली हवी होती. ती होती. लेतिसियातून चालत ब्राझीलच्या ताबातिंगात जाता येतं, सीमेवर सहसा कुणी अडवतही नाही. तरी ब्राझीलचा व्हिसा नसताना ते कार्यक्रमात घालायचं नाही, एवढं मी आधीच सांगून टाकलं.

पहिली अडचण : लस

या भागात डासांमुळे पसरणाऱ्या पिवळ्या तापाची लस घेऊन जावं लागतं. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी ती टोचून घ्यायची, आणि प्रमाणपत्र मग आयुष्यभर चालतं. भारतात परतणाऱ्यांना ते दुहेरी महत्त्वाचं, कारण पिवळ्या तापाच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसेल, तर विलगीकरणात ठेवतात. अण्णा-काकूंचं पुण्याचं तिकीट सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यातलं होतं, मधे तीन आठवडे जात होते. तो प्रश्न नव्हता.

प्रश्न वेगळाच निघाला. ही लस क्षीण केलेल्या जिवंत विषाणूची असते. साठीच्या पुढे तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते, अर्थात ते दुर्मिळच. आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ती सहसा देतच नाहीत. काकू संधिवातासाठी दर आठवड्याला मेथोट्रेक्सेट घेतात. जुलैच्या मध्यावर सगळे एकदमच प्रवास-क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टरांनी काकूंना स्पष्ट नाही सांगितलं. अण्णांना धोका समजावून निर्णय त्यांच्यावर सोडला. अण्णांनी दोन दिवस विचार करून लस घेतली. बाकी तिघांनी त्याच दिवशी घेतली होती.

न्यूअर्क-बोगोताची पाच तिकिटं तोवर काढून झाली होती. सवलत संपत होती म्हणून मीच घाई केली होती. औषधांची यादी मी मागितली ती त्यानंतर.

दुसरी अडचण : नदी

माझा पहिला आराखडा असा होता: सोमवारी २६ तारखेला दुपारी लेतिसियात उतरायचं, शेवटची बोट पकडून संध्याकाळपर्यंत प्वेर्तो नारिन्यो, तिथे चार रात्री, शुक्रवारी ३० ला सकाळच्या बोटीने परत आणि दुपारच्या विमानाने बोगोता. कागदावर झकास. कोऱ्या पानावर रेघ मारावी तसा.

व्हिडिओ कॉलवर अण्णांनी तो पाहिला आणि विचारलं, "पाणीपातळी किती असते तेव्हा?"

मी सांगितलं की तिकडे मेच्या सुमाराला पाणी सर्वांत वर असतं, तेव्हा होडी थेट बुडालेल्या जंगलातून फिरते. ऑगस्ट ते ऑक्टोबर पाणी खाली, वाळूचे किनारे उघडे पडतात, डासही जरा कमी.

"ते पुस्तकातलं झालं. या वर्षी किती आहे?"

ते मी पाहिलंच नव्हतं. २०२३ चा दुष्काळ मला ठाऊक होता: ब्राझीलमध्ये तेफेच्या तळ्यात पाणी ३९ अंशांवर तापून दीडशेहून जास्त डॉल्फिन मेले, आणि त्या ऑक्टोबरात मानाउस शहरापाशी निग्रो नदी १२.७० मीटरवर आली, १९०२ पासूनच्या नोंदींत सर्वांत खाली. पण हे सगळं मी 'मागच्या वर्षीचं, ब्राझीलचं' म्हणून बाजूला ठेवलं होतं. नदीचं खोरं एकच आहे, ही साधी गोष्ट नजरेतून सुटली. शोधायला बसलो तर जुलैअखेरीपासूनच बातम्या येत होत्या की यंदा पाणी लवकर आणि वेगाने उतरतंय.

अण्णांचा दुसरा आक्षेप परतीच्या दिवसावर होता. "बोट आणि विमान एकाच दिवशी? आणि मधे नदी आटलेली? असं कुणी करतं का रे?"

कोणते पर्याय तोलले

काकूंबाबत तीन. सहल रद्द करून दुसरीकडे जायचं. काकूंनी लसीविना, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणीच्या भरवशावर यायचं. किंवा काकूंनी बोगोतात राहायचं. दुसरा डॉक्टरांनी निकालात काढला. पहिला काकूंनीच काढला: "माझ्या गुडघ्यापायी पोरीचं जाणं कशाला अडवता?" तिसरा उरला. बोगोता २,६०० मीटर उंचीवर, थंड, तिथे या डासांची भीती नाही. पहिला दिवस चढ-उतार टाळून काढला की झालं.

काकूंना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. मी तक्त्यात लिहिलं: 'लेतिसिया: अण्णा, मुलगा, नात. बोगोता: काकू, सून.' व्हॉट्सॲपवर पाठवलं. मित्राने 'ठीक' म्हणून अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. सुनेने काहीच लिहिलं नाही. मी त्याला होकार समजलो आणि तिघांची लेतिसियाची तिकिटं काढली.

या नोंदीतला सर्वांत मोठा निर्णय हाच, आणि तो निर्णय म्हणून कुणी घेतलाच नाही. सासूबाईंबरोबर सून थांबणार, हे माझ्या बोटांनी परस्पर टाइप केलं. बोटीच्या वेळांचे मी चार पर्याय काढले होते, इथे एकच रकाना होता.

नदीबाबत चर्चा पुष्कळ झाली. चार रात्री सलग प्वेर्तो नारिन्योत. किंवा लेतिसियात पहिली एक, गावात दोन, परत लेतिसियात शेवटची एक. किंवा गावात तीन आणि शेवटची एक लेतिसियात. मला दुसरा सुरक्षित वाटत होता. अण्णांनी तिसरा धरला. त्यांचं म्हणणं, राखीव दिवस एकच असेल तर तो शेवटी ठेवायचा. जाताना बोट चुकली तर लेतिसियात झोपाल, गावातली एक रात्र जाईल, बस्स. येताना चुकली तर लेतिसिया-बोगोता, बोगोता-न्यूअर्क, सगळं एकापाठोपाठ कोसळेल. पटलं. तिसरा पर्याय ठरला.

प्रत्यक्षात काय झालं

रविवारी २५ तारखेला संध्याकाळी बोगोतातल्या खोलीत बॅगा भरणं चालू होतं. पुढचं मला सुनेने नंतर फोनवर सांगितलं. ती नातीचे कपडे काढून देत होती आणि डॉल्फिन दिसले तर अमुक विचार, तमुक विचार असं नवऱ्याला समजावत होती. तो म्हणाला, "विचारू कसं? मला कुठे स्पॅनिश येतं?"

काकू पलंगावर बसून गोळ्यांचा डबा लावत होत्या. त्यांनी मान वर न करता मुलाला विचारलं, "मग तू कशाला चाललायस?"

खोलीत सगळे गप्प.

"तू थांब की माझ्यापाशी. तिला जायचं होतं ना?"

"आई, तिकीट ह्याच्या नावावर आहे," सून म्हणाली.

"मग दुसरं काढा."

तेव्हा मला कळलं की न्यू जर्सीत निम्मे रुग्ण स्पॅनिश बोलणारे असल्याने सुनेचं स्पॅनिश कामापुरतं का होईना पण पक्कं आहे. गटात भाषा येणारी एकमेव व्यक्ती मी बोगोतात ठेवली होती, आणि जिथे तिची गरज होती त्या बोटीवर भाषा न येणारे तिघे पाठवत होतो. तिकीट मूळ दराच्या जवळपास दुप्पट पडलं. मुलाची जागा रिकामी गेली. मी अर्धे पैसे देऊ केले. मित्राने घेतले नाहीत, पण तो विषय त्याने अजून सोडलेलाही नाही.

सोमवारी विमान उशिरा पोचलं. लेतिसियाच्या विमानतळावर पर्यटकांना कर भरावा लागतो, तिथे रांग. तिथून धक्क्यावर पोचेपर्यंत दोनची बोट गेली होती. धक्का म्हणजे तरी काय, पाणी इतकं मागे गेलं होतं की बोटी लांब उभ्या होत्या आणि मधल्या चिखलावर फळ्या टाकलेल्या. म्हणजे पहिली रात्र लेतिसियात.

हा तोटा वाटला तसा ठरला नाही. प्वेर्तो नारिन्योत एटीएमच्या भरवशावर जायचं नसतं, रोख बरोबर न्यावी लागते. ही ओळ माझ्या यादीत होती, पण बोट पकडायच्या घाईत पैसे काढायला वेळ कुठला मिळाला असता? आता सुनेने सावकाश काढले. संध्याकाळी तिघं सांतांदेर बागेत गेले. सूर्य मावळताना तिथल्या झाडांवर हजारोंनी छोटे पोपट उतरतात. नात कानांवर हात ठेवून उभी होती आणि अण्णा छत्री उघडून. कोरड्या मोसमात छत्री का, ते खाली उतरणाऱ्या विष्ठेवरून लगेच कळलं.

शिवाय त्या दिवशी श्रावणी सोमवार आणि गोकुळाष्टमी एकत्र आली होती. अण्णांचा उपास. खाणावळीत सुनेने मांस-मासे वगळून काय आहे ते विचारलं आणि उकडलेली युका, तळलेली केळी आणि फळांचा रस मागवला. युका म्हणजे कसावा, ज्याच्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो. हे कळल्यावर अण्णांनी दोनदा मागवली. "मुळात उपासाचाच पदार्थ आहे," असा निर्वाळाही दिला. दुसऱ्या दिवशी गावात ताटात फारिन्या आली, कसाव्याचीच भाजलेली जाड, टणक कणी. दातांना बेताने घ्यावी लागते.

मंगळवारी सकाळच्या बोटीला दोनऐवजी जवळपास तीन तास लागले. बोटवाला वाळूचे बांध टाळत कधी या काठाला तर कधी त्या काठाला जात होता. गावात पोचल्यावर अण्णांनी सर्वांत आधी काय केलं, तर खांबांवरच्या एका घराशी जाऊन पुराच्या पाण्याची काळपट रेघ शोधली. ती त्यांच्या डोक्याच्या वर होती. छत्री उभी धरून त्यांनी खांब मोजला, मग खाली नदीकडे बोट करून नातीला विचारलं, "आत्ताचं पाणी इथून किती खाली असेल, सांग." इथली नदी वर्षभरात दहा मीटरांच्या आसपास वरखाली होते. दोघांनी मिळून उतार पावलांनी मोजला. सून म्हणाली, त्यांचा सगळ्यात आनंदाचा अर्धा तास तो होता.

बुधवारी पहाटे तारापोतोकडे निघाले, छोट्या मोटारीच्या होडीतून, जिला तिकडे तिच्या आवाजावरून पेके-पेके म्हणतात. पण तळ्याकडे जाणारी वाट उथळ झाली होती. दोनदा तळ घासला, होडीवाल्याने बांबूने ढकललं, आणि मग सुनेला सांगितलं की पुढे नेता येईल पण परत आणायची खात्री नाही. तिने तिथल्या तिथे परत फिरायचं ठरवलं. होडीवाल्यानेच सुचवलं की पाणी कमी असलं की डॉल्फिन दोन नद्यांच्या संगमाकडे येतात, मासे तिथे गोळा होतात म्हणून. मोटार बंद करून संगमावर तासभर थांबले. आधी श्वासाचा आवाज आला, कुणी नाकातून जोरात फुंकर घालावी तसा, मग फिकट गुलाबी पाठ. एकूण किती होते यावर माय-लेकीचं अजून एकमत नाही. दुपारी नातूतामाच्या संग्रहालयात नातीने लाकडात कोरलेला पूर्ण आकाराचा डॉल्फिन पाहिला, तेव्हा तिला समजलं की सकाळी जे दिसलं ते प्राण्याचा अगदी थोडा भाग होता.

गुरुवारी दुपारी ते परत निघाले. बोट वाटेत वाळूवर अर्धा तास अडकली, दिवेलागणीच्या आत लेतिसियात पोचली. शुक्रवारी विमान वेळेवर मिळालं. प्रामाणिकपणे सांगायचं तर शुक्रवारची सकाळची बोटही वेळेवर आली होती, म्हणजे माझा पहिला आराखडासुद्धा पार पडला असता. अण्णांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "पाऊस नाही पडला म्हणून धरणाच्या दारांची देखभाल फुकट गेली म्हणतोस होय?"

बोगोतात मुलगा आणि काकू सोन्याच्या संग्रहालयात गेले, दुपारी झोपले, पत्ते खेळले. काकूंना पहिले दोन दिवस जिन्यावर दम लागला. तेवढंच.

आता काय वेगळं करेन

तिकिटांआधी औषधांची यादी. यात चर्चेला जागा नाही. अण्णा-काकूंना पुण्यातच, मे महिन्यात निघण्याआधी विचारलं असतं, तर काकूंच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं असतं, आणि लस सरकारी केंद्रात अमेरिकेच्या मानाने किरकोळ पैशांत झाली असती.

नदीकाठच्या गावासाठी मी आता सरासरी बघत नाही, चालू वर्ष बघतो. आठवड्या-दोन आठवड्यांपूर्वीच्या बातम्या, स्थानिक राहण्याच्या ठिकाणी एक फोन, बोटी धक्क्याला लागताहेत का एवढाच प्रश्न. हे कुटुंब परतलं आणि महिन्याभरात परिस्थिती आणखी बिघडली. त्या काठावरच्या कित्येक वस्त्यांचा संपर्क तुटला, आणि ऑक्टोबरमध्ये मानाउसला निग्रो नदी १२.११ मीटरपर्यंत उतरली, आदल्या वर्षीचा नीचांकही मोडून. आमच्या सहलीची गैरसोय त्यापुढे काहीच नव्हती. पिण्याचं पाणी आणि औषधं ज्यांच्याकडे नदीनेच येतात, त्यांच्यासाठी तो काळ कसा गेला असेल ते फळ्यांवरून चाललेल्या माणसाला थोडंसं कळतं. सप्टेंबरच्या मध्याची तारीख असती तर मी ही सहल रद्दच करायला सांगितली असती, आणि तेच बरोबर ठरलं असतं.

दोन रात्री पुरल्या का? सून म्हणते, तीन हव्या होत्या. मला वाटतं एवढ्या लांबून येऊन दोन रात्रींसाठी जाणं हे जेमतेम जुळणारं गणित आहे. पाणी भरपूर असताना ते जमतं, ओसरताना नाही.

आणि तो रकाना. आता मी आराखडा पाठवण्याआधी प्रत्येक मोठ्या माणसाशी वेगळा बोलतो, पाच मिनिटं का होईना. ही कल्पना मुळात कुणाची, कुणाला काय बघायचंय, कुणाला कोणती भाषा येते. ग्रुपवरची शांतता मी होकार म्हणून मोजत नाही. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मला तरी कुठे सुचलं?" सुनेला विचारलं की तू तेव्हाच का बोलली नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही विचारलं असतंत तर बोलले असते."

काकूंची नदी राहिलीच. त्यांच्यासाठी पुढच्या फेरीत न्यू ऑर्लिन्सला मिसिसिपी बघायचं घाटतंय. लस लागत नाही, धक्क्यापर्यंत गाडी जाते. तिथली पाणीपातळी रोज जाहीर होते, आणि अण्णांनी ती आत्तापासून वहीत उतरवायला घेतली आहे.